वाचकांचे प्रश्न : मालवणात दोघांचा एक मोकळा दिवस

प्रश्न : ताई, आमचं सांगलीत किराणा दुकान आहे. लग्नाला 27 वर्षं झाली पण दोघंच असे कधी कुठे गेलोच नाही, कायम मुलं नाहीतर सासूबाई बरोबर. आता मुलगा म्हणाला चार दिवस मी दुकान बघतो, तुम्ही जाऊन या. फेब्रुवारीत मालवण ठरलंय. पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात, एक दिवस तारकर्लीला बोटिंग, आणि एक दिवस मला मोकळा हवाय, निवांत. पण आमच्या ह्यांना रिकामं बसवत नाही, त्यांनी त्या एका दिवसात सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, देवबागचा संगम, धामापूरचा तलाव असं सगळं लिहून काढलंय. माझे गुडघे दुखतात. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तो मोकळा दिवस अजिबात सोडू नका. माझं आजोळ मालवणचं, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या, आणि लग्नानंतर नवऱ्याला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी हौसेनं एका दिवसात सात ठिकाणं फिरवली, आणि रात्री जेवताना तो म्हणाला अगं पण समुद्राजवळ आपण बसलो कुठे? ते अजून मनाला लागून आहे, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितेय.

देवबाग तारकर्लीच्या पुढेच आहे, बोटिंगच्या दिवशी आपोआप होईल. धामापूरचा तलाव 1530 सालचा, फार सुंदर, पण तो येता-जाता थोडी वाट वाकडी करून बघा. झाले दोन कमी.

आता तुमच्या ह्यांचं. ज्यांचे हात आयुष्यभर कामात गेलेत त्यांना नुसतं समुद्रासमोर खुर्चीत बसवलं तर अर्ध्या तासात ते मोबाईल काढणार, त्यात त्यांची चूक नाही. त्यांना कुणाचं तरी काम चाललेलं बघू दे. सकाळी लवकर उठून चिवला बीचवर जा, आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा की उद्या रापण लागणार का. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं, होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत नेतात आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसं किनाऱ्यावरून ओढत राहतात, हळूहळू, चांगला वेळ जातो त्यात. घाई करताच येत नाही. दोरी ओली, जाड, वाळूनं खरखरीत झालेली, आणि ओढणाऱ्यांची पावलं वाळूत घोट्यापर्यंत रुतलेली. विचारलं तर तुमच्याही हातात दोरी देतात, ह्यांना नक्की धरायला लावा. शेवटी जाळं जवळ आलं की पाणी एकदम उकळल्यासारखं होतं, तारल्या, पेडवे, बांगडे, मधेच एखादी कुर्ली म्हणजे खेकडा, आणि वर घारी फिरायला लागतात. मग तिथेच वाटे पडतात. पर्ससीन म्हणजे यांत्रिक बोटींची अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी, त्यांच्यामुळे आणि एलईडी लाइटनं मासे खेचून केलेल्या मासेमारीमुळे ह्या रापणकारांच्या जाळ्यात पूर्वीसारखं काही येत नाही, फार वाईट वाटतं मला, म्हणूनही म्हणते की बघायला मिळाली तर बघाच आणि मासे घ्यायचे तर तिथूनच घ्या.

मग घावणे आणि नारळाचा रस खाऊन किल्ला. मालवणच्या बंदरातून बोटीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात, ऊन चढायच्या आत जा. बोटीत चढता-उतरताना आधार लागतो त्यामुळे साडीपेक्षा ड्रेस बरा. बोटवाले साधारण तासाभराचा वेळ देतात, आणि तटबंदीच जवळजवळ तीन किलोमीटर आहे, तेव्हा सगळं बघायच्या मागे लागू नका. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर हे काम सुरू केलं, दरवाजा असा काही वळवून लपवलाय की बोट अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, तिथे सावलीला बसा, ह्यांना तटावर चढायचं तर चढू दे. पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या तीन विहिरी मात्र दोघांनी मिळून बघा. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी, आणि ते आजही आहे. लहानपणी आजी मला कठड्याशी धरून आत वाकून बघायला लावायची, अजून किल्ल्यात गेले की पाय आधी तिकडेच वळतात.

दुपारी जेवा आणि झोपा. खरंच झोपा, मालवणातही दुपारी बरीच दुकानं बंदच असतात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा किनाऱ्यावर, होड्या-ट्रॉलर परत आले की माशांचा लिलाव असतो. तुमचे हे दुकानदार, त्यांना हे फार आवडेल बघा, वाळूत मासळीचे ढीग, भोवती कोंडाळं, बोली भराभर चढते आणि बायका एका नजरेत ढिगाची किंमत करतात. मग रॉक गार्डनला सूर्यास्त, साडेसहाच्या आसपास. बाकडी आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. तेवढंच करा. आणि यातलं काही राहिलं तर राहू दे, रापण नसली लागलेली तरी सकाळी वाळूत नुसतं चालायला काय हरकत आहे.

प्रश्न : रॉक गार्डनला खडकांमधली पाण्याची डबकी आणि त्यातले जीव बघायचे तर ओहोटी लागते म्हणे. ती कधी असते हे कसं कळणार?

उत्तर : तुम्ही तारीख लिहिली नाहीत म्हणून हिशोबच देते, कोकणातला जुना आहे. कॅलेंडरमधली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे पंचमी असेल तर पावणेचारला भरती, त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास खडक उघडे. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. थोडं पुढेमागे होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं तेव्हा ओहोटीचं पाणीही जास्त लांब जातं. खडक शेवाळानं निसरडे असतात, तुम्ही कडेलाच थांबा, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

प्रश्न : आमचा तो मोकळा दिवस नेमका गुरुवार आहे आणि हे गुरुवारी मासे खात नाहीत. मालवणात उपाशी राहायची वेळ येईल का?

उत्तर : छे! काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागा, सोबत सोलकढी. ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर दुसरं काही मागवूच नका, फेब्रुवारीत काजू सुरू झालेला असतो. घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी गेलात तर मिळेलच असं नाही. लिलावाला गुरुवारी नुसतं बघायला जायलाही हरकत नाही, मासे शुक्रवारी खा.

प्रश्न : घरी काय आणू? मुलगा दुकान सांभाळतोय, त्याच्यासाठी काहीतरी न्यायचंय.

उत्तर : मालवणी खाजं, गूळ-आल्याचं. घेण्याआधी एक तुकडा मोडून बघा, कुरकुरीत मोडला पाहिजे. आणि कोकम आगळ घ्या, पण अमृत कोकम आणि आगळ यात गल्लत करू नका, अमृत कोकमात साखर असते, ते सरबताचं, सोलकढीला बिनसाखरेचं आगळच लागतं. बाटली पिशवीत गुंडाळून उभी ठेवा, घाटात कलंडली तर कपड्यावरचा तो डाग काही केल्या जात नाही.