रोलर झिजला म्हणून कर्ज काढू का?

सांगलीच्या एका वाचकांचा दरवाजे बनवण्याचा कारखाना आहे. त्यांच्याकडे नऊ वर्षं जुना वाइड बेल्ट सँडर आहे, म्हणजे रबर चढवलेल्या रोलरवर फिरणाऱ्या सँडपेपरच्या रुंद पट्ट्याने (बेल्टने) फळ्या घासणारं मशीन. त्यातून निघणाऱ्या व्हीनिअरवर, म्हणजे फळीवरच्या लाकडाच्या पातळ थरावर, लहरी उमटू लागल्या आहेत. रोलरला नवं रबर, ग्राइंडिंग, बॅलन्सिंग, बेअरिंग असं ५२ हजारांचं कोटेशन आलंय. नवं मशीन साडेनऊ लाखांना. विक्रेता साडेसात लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी मिळवून देतो म्हणतोय.

साहेब, आधी ५२ हजारसुद्धा खर्च करू नका. नवा बेल्ट चढवून एक फळी घाला. लहरी गेल्या तर दोष जुन्या बेल्टच्या जोडाचा होता. नाही गेल्या, तर एकाच जाडीच्या तीन पट्ट्या डावीकडून, मधून आणि उजवीकडून सोडा आणि व्हर्नियरने त्यांची जाडी मोजा. मधली जाड निघाली, तर रोलर मध्येच झिजलाय. अरुंद माल कारागीर सवयीने मधूनच घालतात ना! रबर पुरेसं शिल्लक आणि मऊ असेल तर नुसत्या ग्राइंडिंगवर भागतं. त्याचं कोटेशन वेगळं मागा. रबर कडक होऊन तडे गेले असतील, तर मात्र नवंच चढवा.

आता कर्ज. हप्ता बसतो सुमारे १६,३०० रुपये आणि पाच वर्षांत व्याजच जातं २ लाख २८ हजार. वर स्वतःचे दोन लाख घालायचे ते वेगळेच. 'टॅक्स वाचेल' हे विक्रेत्याचं पालुपद आहे. दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. मशीनवर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी वजा मिळणारी रक्कम, १५ टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्याही निम्मा. तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत असाल, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरत असाल, तर हा मुद्दाच उरत नाही.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च म्हणजे रोलर बाहेर असताना बंद पडणारं काम. तेवढे दिवस सँडिंग बाहेरून करून घ्यायला किती लागतील, ते ५२ हजारांत मिळवा. रोलर आषाढात पाठवा. पावसात साइटची कामं तशीही रेंगाळतात.

माझं मत दुरुस्तीकडे आहे, पण एका अटीवर. कन्व्हेअर (माल पुढे सरकवणारा पट्टा) आणि टेबलाची उचल (टेबल वर-खाली करणारी यंत्रणा) ठीक असली पाहिजे. तीही गेली असतील, तर रोलरवर पैसे घालू नका. आणि हप्त्याची तयारी होतीच, तर दरमहा १६ हजार आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांत व्याज सोडून ३ लाख ८४ हजार होतात. मग विक्रेत्याशी भाव करताना तुमचा आवाज वेगळा असेल.