पोस्टिंगमध्ये पाहिलेला आजार मलाच झाला आहे का?

मानसोपचार विभागाची पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण पाहत शिकण्याची पाळी, सुरू झाली की वैद्यकीय महाविद्यालयातील माझ्यासारख्या समुपदेशकाकडे एक शंका हमखास येते: ‘ही लक्षणे माझ्यातही दिसतात, मला हा आजार तर नसेल ना?’ हृदयरोग शिकताना छातीत धडधडू लागणारे विद्यार्थीही असतात, पण त्यांचा ईसीजी काढून निर्धास्त होता येते. मनाच्या आजारात तपासणारेही आपलेच मन आणि संशयही त्याच मनावर, म्हणून ही भीती अधिक चिवट असते.

तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वॉर्डात हिस्ट्री, म्हणजे आजाराची पूर्वमाहिती, घेण्यासाठी त्याला मिळालेला रुग्ण त्याच्याच वयाचा होता, अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडलेला आणि स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे, भ्रम होणे अशी लक्षणे असलेल्या मनोविकाराचे, निदान झालेला. आजार उघड होण्याआधी आपला मुलगा एकलकोंडा झाला, आंघोळ टाळू लागला, रात्र रात्र जागू लागला, असे रुग्णाची आई सांगत होती, आणि ते लिहून घेता घेता याला वाटले की हे आपलेच वर्णन आहे. तेव्हापासून तो रोज रात्री होस्टेलच्या खोलीतील पंखा बंद करून, कुणाचा आवाज ऐकू येतो का, हे तपासत बसे. गावाकडे त्याचे एक काका वर्षानुवर्षे कुणाशी न बोलता मागच्या खोलीत राहत, आणि घरचे त्या वागण्याला ‘बाहेरचं’ म्हणत. त्यामुळे भीतीला आधारच मिळाला. मित्रांनी मात्र ‘सगळ्यांनाच होतं, सर्जरीला गेलास की अपेंडिक्स दुखेल’ म्हणून विषय हसण्यावारी नेला.

माझ्यासमोर बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “मॅडम, इनसाइट गेली की पेशंटला स्वतःचा आजार कळत नाही, असं शिकवलंय. मग मी ठीक आहे असं मला वाटलं, तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

‘तुला शंका येते, म्हणजेच तू ठीक आहेस’, असे उत्तर अशा वेळी सर्रास दिले जाते. मी ते देत नाही, कारण ते पूर्ण खरे नाही. इनसाइटच्या पायऱ्या असतात, आणि आपले काहीतरी बिघडते आहे हे सुरुवातीला काही रुग्णांना जाणवतेही. म्हणून तर्क बाजूला ठेवून मी त्याला एवढेच विचारले की इतक्या रात्रींत प्रत्यक्षात काय ऐकू आले. काहीही नाही, असे तो म्हणाला. तो आवाजाची वाट पाहत होता, आणि असे तपासत बसणे हे चिंतेचे लक्षण आहे. त्यात जितके तपासावे तितकी खात्री कमी होत जाते. काकांबद्दलही बोललो. स्किझोफ्रेनिया आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, काकांना असेल तर त्याहून बरीच कमी. शिवाय काकांची तपासणी कधी झालीच नव्हती.

एवढा धीर देऊन त्याला परत पाठवले असते तर मोठी गोष्ट निसटली असती. वजन उतरले होते, पहाटे तीनला जाग येत होती, क्रिकेट सुटले होते, वाचलेले पान लक्षात राहत नव्हते, आणि हे सारे पोस्टिंगच्या कितीतरी आधी, एका विषयात नापास होऊन सप्लिमेंटरी द्यावी लागली तेव्हापासून सुरू झाले होते. लक्षणे खरी होती, त्याने त्यांना नाव तेवढे चुकीचे दिले होते. मला हे नैराश्य वाटत होते. जीव नकोसा होतो का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले, कारण विचारल्याने तसा विचार मनात येतो हा निव्वळ गैरसमज आहे. कधीकधी तसे वाटते, पण काही करण्याचे ठरवलेले नाही, असे त्याने सांगितले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाच्या २०२४ च्या पाहणीत पदवीच्या सुमारे १६ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचे नोंदवले होते, तेव्हा त्याचे उत्तर मला अनपेक्षित नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तो तयार होईना. केस पेपर बॅचमधल्या मुलांच्या हाती लागेल, ही त्याची भीती मला रास्त वाटली, कारण महाविद्यालयाच्याच ओपीडीत त्याचे मित्र पोस्टिंगला होते. म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांकडे जायचे ठरले. घरी कळण्याविषयी सांगायचे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि सज्ञान मुलाच्या संमतीशिवाय, जिवाला धोका असण्यासारखे अपवाद वगळता, पालकांनाही माहिती दिली जात नाही. तज्ज्ञांनी नैराश्याचेच निदान करून एसएसआरआय या नैराश्यावरील औषधांच्या गटातील गोळी सुरू केली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तिचे व्यसन लागत नाही, मात्र ती मनाने बंद करायची नसते. आमच्या भेटींत रात्रीचे तपासणे थांबवणे आणि मित्राबरोबर ठरलेल्या वेळी मेसला जाणे, या दोनच गोष्टींवर भर होता.

शिकवण्याबद्दल एक तक्रार इथे मांडते. मोजक्या आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थी प्रामुख्याने वॉर्डातले, आजार ऐन भरात असलेले रुग्ण पाहतात. अंतिम परीक्षेत विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसल्याने वाचनही जेमतेम होते. बरे होऊन नोकरी करणारे, गोळ्या घ्यायला येऊन लवकर सोडा म्हणून घाई करणारे रुग्ण त्यांच्या नजरेस फारसे पडतच नाहीत. या मुलाला मी फॉलो-अप ओपीडीत, म्हणजे जुने रुग्ण पुन्हा तपासणीला येतात तिथे, काही दिवस बसायला सांगितले, आणि स्किझोफ्रेनियाबद्दलची त्याची धास्ती माझ्या समजावण्यापेक्षा तिथे अधिक ओसरली.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप, भूक आणि अभ्यास यांवर परिणाम होत असेल, तर आजाराचे नाव कोणते हे ठरवत न बसता समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची भेट घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. जीव देण्याचा विचार येत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे, आणि ज्याला सांगितले त्याने त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

दिवाळीच्या सुटीत हा मुलगा काकांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेला. त्यांचे उपचार सुरू झाले आहेत, पण गोळ्या ते नियमित घेत नाहीत, आणि त्यावरून घरात अजून वाद होतात.