वही खेळत नाही, पोट्टं खेळते

प्रश्न असा आहे: "परदेशात आइस हॉकीमध्ये तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची प्रगती कशी जोखतात? आमच्याकडच्या कबड्डीच्या मुलांना ते लागू पडेल का? माझा पुतण्या १३ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी तालुक्याला चमकला होता, यंदा चाचणीत 'याची प्रगती थांबली' म्हणून वगळला."

भाऊ, 'याची प्रगती थांबली' हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे. २०११ च्या सप्टेंबरात, जिल्ह्याच्या चाचणीच्या मैदानावर, पाऊस नुकताच उघडला होता तेव्हा. म्हणून लिहायला बसले. उत्तर लांबेल.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसच्या पुढच्या एका गावात क्रीडा शिक्षिका आहे. स्वतः विद्यापीठाकडून कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यातली रक्षक म्हणून. आइस हॉकीचा आणि माझा संबंध एवढाच की माझा एक विद्यार्थी फौजेत आहे. लेहला पोस्टिंग असताना त्यानं गोठलेल्या तळ्यावर खेळणाऱ्या पोरांचा व्हिडिओ पाठवला, "मॅडम, हे पाहा, पडतात तरी उठून पळून राह्यले." तिथून मी या खेळाबद्दल वाचत गेले आणि वाचता वाचता मला माझं जुनं भांडण सापडलं.

२०११ ला माझ्याकडे आठवीत एक पोरगा होता. नाव लिहीत नाही, आता तो संसारी माणूस आहे. डावखुरा चढाईपटू. सातवीत असताना त्याच्यासारखं बोनस रेषेवरून (समोरच्यांच्या अंगणात पाय टेकवून जादा गुण घ्यायची रेषा) वळणारं पोर मी तालुक्यात पाहिलं नव्हतं. बोनस घेऊन कोपऱ्याच्या हाताखालून असा निघायचा की कोपरेवाला तसाच वाकलेला राहायचा. त्या वर्षी तालुका आम्ही त्याच्या जिवावर काढला.

आमच्या खेळखोलीच्या चौकटीवर मी खिळ्यानं रेघा मारते, दर जुलैत. प्रत्येक पोराची रेघ, बाजूला तारीख. त्याची सातवीतली रेघ १४६ सेंटीमीटरवर आहे आणि आठवीतली १५६ वर. एका वर्षात दहा सेंटीमीटर. त्याचे कॅनव्हासचे बूट दिवाळीत ४ नंबरचे होते, पुढच्या पावसाळ्यात ७ चे लागत होते. आईला दर दोन-तीन महिन्यांनी बाजारातून नवा जोड आणणं परवडणार होतं का? तिनं ब्लेडनं बुटाचा पुढचा भाग कापून दिला होता. बोटं बाहेर, त्यावर काळ्या मातीचा थर. त्या कापलेल्या बुटानं तो सराव करायचा आणि वळताना स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचा. एकदा मातीत बसल्या बसल्या मला म्हणाला, "मॅडम, माहे पाय माहं आयकूनच नाई राह्यले."

शिवाय गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर, त्याला एक टेंगूळ आलं होतं. उकिडवं बसलं की कळ यायची. घरचे म्हणायचे, सोंग करते, वेचणीला यायचं नाही म्हणून. दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, हे वाढीच्या वयातलं दुखणं आहे. हाड झपाट्यानं वाढतं, मांडीचा स्नायू त्या जागी ताण देतो. उड्या आणि पळणं कमी करा, वाढ झाली की बसून जाईल.

अशा अवस्थेत तो चाचणीला गेला. तीन चढाया मिळाल्या. पहिलीत बोनस रेषेवर घसरला. दुसरीत घोट्याची पकड बसली. तिसरी रिकामी गेली. निवड करणाऱ्या सरांनी यादीतल्या त्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि मला म्हणाले, "मॅडम, हे पोट्टं मागच्या सालीच सपलं. प्रगती थांबली याची." मी माझी वही पुढं केली. त्यात दीड वर्षाच्या चढाया होत्या, किती यशस्वी, समोर कोण होतं, सहा रक्षक होते की चार, सगळं. उंचीच्या नोंदीही होत्या. सरांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. "वही खेळत नाई मॅडम, पोट्टं खेळते," असं म्हणाले, आणि वर, "तुमची माया हाय, समजते मले. पण निवड मायेनं नाई होत."

चौदा वर्षं झाली. मला तो 'माया' शब्द अजून टोचतो. मी सेंटीमीटर दाखवत होते आणि मी बाई आहे म्हणून त्यांना त्यात माया दिसली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कॅनडात मुलांचे वयोगट कॅलेंडर वर्षावर पडतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. आपल्या शालेय स्पर्धांनाही वय ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे जानेवारीतला पोरगा आणि डिसेंबरातला पोरगा एकाच गटात, मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. बाराव्या-तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे अर्धी मिशी. १९८० च्या दशकात अल्बर्टातल्या लेथब्रिज गावी ज्युनियर हॉकीचा सामना पाहताना रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या बायकोच्या लक्षात आलं, की माहितीपत्रकात खेळाडूंच्या जन्मतारखा पाहाव्यात तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच जास्त. त्यांनी मग मोजलं, १९८५ ला छापलं. वरच्या पातळीच्या हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खूप जास्त आणि शेवटी जन्मलेले खूप कमी निघाले. लहानपणी सहा-आठ महिन्यांनी मोठं असलेलं पोर 'चांगलं' दिसतं, म्हणून निवडलं जातं. निवडलं म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सामने, बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि मग ते खरोखरच चांगलं होतं.

पुढची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. नॅशनल हॉकी लीग ही अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. तिच्या संघांनी १९८० ते २००६ या काळात वार्षिक निवडीत क्रमाक्रमानं घेतलेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानानं उशिरा, खालच्या क्रमांकावर निवडले गेले होते. पण ४०० सामने खेळण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. म्हणजे जाणकार डोळ्यांनी ज्यांना मागं टाकलं, तेच पुढं टिकले. आणि हे डोळे आपल्यासारखे दोन तासांच्या चाचणीवाले नाहीत, पोरामागे वर्षवर्ष फिरणारे पगारी लोक आहेत. पुढं लीगमध्ये गाजलेला पावेल दात्स्युक १९९८ च्या निवडीत १७१ वा निवडला गेला. मार्टिन सेंट लुईस अंगानं लहान म्हणून कुणीच निवडला नाही, आणि २००४ ला तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता आपल्याकडची गंमत नव्हे, व्यथा पाहा. त्या काळच्या कुठल्याही गावच्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर उघडा, १ जून, १ जून, १ जून. पोरगं सहा वर्षांचं दिसलं पाहिजे म्हणून गुरुजींनी लिहिलेली तारीख. माझ्या त्या डावखुऱ्या पोराचीही १ जूनच. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, सीतादहीच्या (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) आठवड्यातला आहे, पहिला कापूस घरात आला तेव्हा मी बाळंतीण होते. म्हणजे दिवाळीच्या आसपासचा. कागदानं त्याला चार-पाच महिने म्हातारा करून ठेवला होता. गटातलं बहुधा सगळ्यात लहान पोर, अंग सगळ्यात जोरात वाढायच्या वर्षात, कापलेल्या बुटात, तीन चढायांवर नापास.

प्रगती जोखायची रीत विचारलीत ना? पोराला शेजारच्या पोराशी जोखू नका, त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी आणि त्याच्या अंगाच्या वाढीशी जोखा. कॅनडातल्याच सास्काचेवानच्या मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक सूत्र दिलं. उभी उंची, बसलेली उंची, वजन आणि वय घेऊन पोरगं वाढीच्या शिखराच्या (उंची सगळ्यात जोरात वाढते तो काळ) किती अलीकडे किंवा पलीकडे आहे, याचा अंदाज काढायचा. सूत्र जमलं नाही तरी चालेल, स्टूल तर आहे? भिंतीला पाठ टेकवून स्टुलावर बसवा, डोक्याशी खूण करा, स्टुलाची उंची वजा करा. उभ्या उंचीतून ही बसलेली उंची वजा केली की पायाची लांबी आली. आधी पाय वाढतात, धड मागून. पाय पळत सुटले आणि धड अजून तिथंच असेल, तर पोराचा तोल जाणारच, नेम चुकणारच. या काळात खेळ खाली आला तर त्याला अधोगती म्हणत नाहीत. मुलांत हा जोर साधारण चौदाव्या वर्षाच्या आगेमागे असतो, मुलींत बाराव्याच्या.

आणि आकडे लिहा, पण कोणाविरुद्धचे तेही लिहा. हॉकीवाले एका लीगमधले गोल दुसऱ्या लीगमध्ये तसेच धरत नाहीत, लीग किती तगडी त्याप्रमाणे गुणून घेतात. गल्लीतल्या संघावर दहा गुण आणि विभागाच्या संघावर तीन गुण, यातले तीन मोठे. पोरगं मैदानावर किती वेळ होतं, तेही पाहा. बाहेर बसलेल्या वेळेत कोणी गुण घेत नाही.

त्या पोराचं पुढं काय झालं म्हणाल, तर नववीत त्यानं खेळ सोडला. संघात नाव नाही म्हटल्यावर बापानं फवारणीला आणि वेचणीला नेलं. घरच्यांना दोष देणार नाही. खेळाडूला दहावीत सवलतीचे गुण आहेत, नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्या आशेवर तर गरीब घरं पोराला मैदानावर सोडतात. तो आता पिकअप चालवतो, जिनिंगला कापूस नेतो. उंची १७८ सेंटीमीटर. टेंगूळ बसून गेलं. दोन वर्षांपूर्वी गावच्या खुल्या सामन्यांत चप्पल काढून मैदानात उतरला आणि एका चढाईत तिघांना हात लावून आला. तोच वळसा, कोपऱ्याच्या हाताखालून.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात, पंगतीत, ते सर माझ्या शेजारी बसले. निवृत्त झालेत. म्हणाले, "का मॅडम, झालं का तुमचं ते पोट्टं काई? मी तवाच म्हटलो होतो." समोर पानात वरण-भात होता, आजूबाजूला वऱ्हाडी होते, मी गप्प बसले. इथं बोलते. सर, तो काही झाला नाही, हा तुमच्या नजरेचा पुरावा नाही. तुम्ही बांध घातला आणि आता म्हणता खाली पाणी आलंच नाही. त्याला अजून दोन हंगाम सराव संघात बसू दिलं असतं, नुसतं बसू दिलं असतं, वाढ उरकल्यावर पुन्हा पाहिलं असतं, आणि मग तो पडला असता, तर मी तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. ज्या मिशीवाल्या पोराला तुम्ही त्या दिवशी पहिल्या नंबरवर घेतलं, त्याची उंची तिथंच थांबली, सतराखालच्या गटात तो दिसला नाही. त्याच्यावरही अन्यायच झाला. त्याला लवकर आलेल्या अंगाच्या जोरावर खेळवलं, कौशल्य कोणी शिकवलंच नाही.

काही गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. प्रत्येक बारकं पोर उशिरा वाढणारं नसतं, काही पोरं बारकीच राहतात. आईबापाची उंची पाहा. ते सूत्र कॅनडा-बेल्जियमच्या मुलांवर बेतलेलं आहे, फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांत ते चुकतं. माझी वहीही चुकली आहे. एका पोरीबद्दल मी पानं भरभरून लिहिलं होतं आणि तिला खेळाची आवडच नव्हती. गुडघ्याचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा सूज येत असेल, तर डॉक्टरला दाखवा, माझ्या उत्तरावर राहू नका. वजनाच्या अटीत बसावं म्हणून पुतण्याला उपाशी किंवा बिनपाण्याचं ठेवायला कोणी सांगितलं, तर ऐकू नका, तो कोणीही असो. आणि जन्मतारीख बदलून खालच्या गटात घालायचा सल्ला कोणी देईलच, तो माणूस तुमच्या पोराची जागा नव्हे, दुसऱ्या कुणाच्या पोराची जागा खातो.

यंदा पुतण्याला पळवणं निम्म्यावर आणा. तोल, वळणं, हाताचा स्पर्श, हे हळू गतीत करून घ्या, आणि त्याला सांगा की हे सहा-आठ महिने पाय ऐकणार नाहीत, त्यात तुझा दोष नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला हे मी वेळेवर सांगितलं नव्हतं, मला तेव्हा माहीतच नव्हतं. जुन्या चपला-बूट फेकले नसतील तर काढा, आणि मागच्या दिवाळीपासून त्याचा पाय किती नंबरनं वाढलाय ते मला इथं खाली लिहून कळवा.