हीट इन्सुलेशनचा धंदा करायचाय? आधी गळती शिका

प्रश्न : मुलगा सिव्हिल डिप्लोमा झालाय. वर्षभर एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर आहे. आता त्याला घरांच्या हीट इन्सुलेशनची (छतातून आत येणारी उष्णता अडवण्याची) कंत्राटं घ्यायची आहेत. साठवलेले 3 लाख आणि वर कर्ज काढून फोम फवारायचं मशीन घेऊ म्हणतो. हे जमेल का?
– एक आई, अकोला

ताई,

काम भरपूर आहे. तुमच्याकडे वरच्या मजल्यावरची खोली रात्री बारालाही तापलेली असते, कारण दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो. पण मशीन आत्ता घेऊ देऊ नका. ते मोठ्या शेडच्या कामांवर परवडतं; हजार फुटांच्या गच्चीसाठी ते चढवण्या-उतरवण्यातच दिवस जातो. स्लॅब जरा ओला असला की फोम फुगून सुटतो, वरून कोटिंग नसेल तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो. शिवाय त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाच्या वाफेने दमा लागू शकतो. साध्या कापडी मास्कने ती अडत नाही.

मुलाने आधी एक पूर्ण हंगाम, दिवाळी ते जून, चांगल्या वॉटरप्रूफिंगवाल्याकडे काढावा. पगार कमी मिळाला तरी चालेल. इन्सुलेशन केलेली गच्ची गळली तर मालक इन्सुलेशनवाल्यालाच धरतो, आणि गळती शोधायची तर वरचं सगळं काम फोडावं लागतं. नव्या कंत्राटदाराची वर्षभराची कमाई अशा एका कामात जाते.

स्लॅबच्या घराला आमची पसंती एक्सपीएस बोर्डाला (पॉलिस्टायरीन फोमची टणक पाटी). दीडशे मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू 3 च्या वर असतो (आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी आत येते). 25 मिमी बोर्डाने तो सुमारे 0.9 वर येतो, 50 मिमीने 0.5 वर. नुसत्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याने तो 2 च्या खालीही जात नाही. 2018 च्या ‘इको निवास संहिते’त (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली) छतासाठी मर्यादा 1.2 आहे. ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या घरांसाठी आहे, म्हणून छोट्या बंगल्याच्या मालकाला कायदा सांगत बसू नये, त्याच्या खोलीच्या छताचं तापमान मोजून दाखवावं.

क्रम असा : भेगा भरणं, पाण्याच्या पाइपकडे 100 ला 1 असा ढाळ, वॉटरप्रूफिंग, ते कठड्यावर फूटभर चढवणं आणि मग 48 तास पाणी भरून ठेवणं. खालचं छत कोरडं राहिलं तरच बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), मग जाळी घालून 50 मिमी काँक्रीट, दर 3 मीटरवर सांधा, आणि शेवटी पांढरी टाइल किंवा चायना मोझॅक. हजार चौरस फुटांना 1250 × 600 मिमीचे 124 बोर्ड बसतात. तुटफूट धरून 130 मागवावेत. सॉल्व्हंट असलेला गोंद किंवा गरम डांबर बोर्डाला लागलं तर बोर्ड विरघळतो. गच्चीवर आठवडेच्या आठवडे उन्हात पडला तर वरून भुकटी सुटते.

दोन गोष्टी कोटेशन देण्याआधीच बघायच्या. एक, गच्चीच्या दाराचा उंबरा. बोर्ड, काँक्रीट आणि टाइल मिळून पातळी चार-पाच इंच वर येते; उंबरा त्याहून बुटका असेल तर पहिल्याच पावसात पाणी जिन्यात. दुसरी, वजन. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नुसतं 50 मिमी काँक्रीट 11 टन भरतं. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर हे चढवू नये. जुनं, कॉलमशिवाय नुसत्या भिंतींवर उभं असलेलं घर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये. तिथे परावर्तक पांढरा रंग बरा. त्यावर धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून उन्हाळ्याआधी धुवायला मालकाला लेखी सांगावं.

पत्र्याच्या घरांचं काम वेगळं. चकचकीत फॉइल दोन्ही बाजूंनी कशाला तरी चिकटून बसली तर उपयोग जवळपास शून्य. तिच्या चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा हवीच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ते कापायचे किंवा ड्रिल करायचे नाहीत.

तुमच्या 3 लाखांतला मोठा भाग खेळतं भांडवल म्हणून ठेवा. बोर्डाचे पैसे डीलर आधी मागतो आणि मालक शेवटचा हप्ता पहिला पाऊस बघून देतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. कामाची एकूण उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की जीएसटी लागतो. पाऊस सुरू झाला की नवी कामं थांबतात, तेव्हा चार महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढलेला हवा.

हत्यारांत सध्या ओलावा मोजायचं मीटर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर पुरे. चकचकीत फॉइलवर किंवा उघड्या पत्र्यावर हा थर्मामीटर खोटा आकडा दाखवतो. तिथे आधी काळी चिकटपट्टी लावावी, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि तिच्यावर माप घ्यावं. कामाआधी आणि कामानंतर, खोलीच्या छतावर त्याच जागी, दुपारी चार आणि रात्री दहाला.