गहू नको, दूध नको, मग भाच्याला खाऊ काय आणायचा?

तुमचा प्रश्न असा: बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा मे महिन्यात महिनाभर तुमच्याकडे नेरूळला येतोय, त्याला सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) आहे म्हणून गहू बंद, शिवाय दूधही बंद, तर आसपासच्या दुकानांतून त्याला आवडेल असा तयार खाऊ कोणता आणावा?

मी ठाण्याची, नौपाड्यात राहते. माझ्या मुलीला सातव्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला, आता ती बारा वर्षांची आहे. म्हणजे पाच वर्षं मी दुकानात पुडे उलटे धरून उभी आहे. त्या अनुभवावर लिहिते.

पहिलं काम म्हणजे बहिणीला फोन करून विचारा, दूध नेमकं कशासाठी बंद आहे. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. सिलिअ‍ॅकमध्ये लहान आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर झिजतं, आणि दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं विकर त्याच अस्तरात तयार होतं. म्हणून निदानानंतर काही महिने दूध पचत नाही. गहू बंद करून आतडं सावरलं की पुष्कळ मुलांना ते परत पचायला लागतं. आमच्याकडे असंच झालं, साधारण आठ-नऊ महिने दूध बंद होतं. अशा मुलाला वडीला पुसट लागलेलं तूप बहुधा बाधत नाही, कारण तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं. पण भाच्याला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर तूपही नको, आणि पुड्यावर ‘दुधाचा अंश असू शकतो’ असं लिहिलं असेल तर तो पुडाही नको. खाली मी दोन्ही कडक धरूनच लिहितेय.

आता दुकान. मॉलमधल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये ‘ग्लुटेन फ्री’ असं लिहिलेला एक वेगळा कप्पा असतो. निदान झालं तेव्हा आम्ही धावत तिथेच गेलो होतो. बिस्किटं साध्या बिस्किटांच्या चौपट-पाचपट महाग, आणि चव खडूची. मुलीने एक खाल्लं आणि म्हणाली, “आई, हे औषध आहे का?” सगळीच तशी नसतात, पण त्या कप्प्यापासून सुरुवात करू नका. शिवाय त्यातल्या बऱ्याच बिस्किटांत लोणी किंवा दूध पावडर असते, म्हणजे तुमच्या भाच्याला निम्मा कप्पा बादच.

सुरुवात करा उपवासाच्या कप्प्यापासून. हे मला कोणी सांगितलं नाही. एका आषाढी एकादशीला सासूबाई साबुदाण्याचा चिवडा खात होत्या, मुलगी शेजारी बसून बघत होती. त्या म्हणाल्या, “अगं, उपासाला गहू चालतोच कुठे? दे की तिला.” इतके महिने मी कशासाठी वणवण करत होते, असं झालं! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, यात गव्हाचा संबंधच नाही. साबुदाण्याचा चिवडा, बटाट्याचा गोड-तिखट कीस, केळ्याचे वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, शिंगाड्याची शेव, हे सगळं बंद पुड्यात मिळतं, आणि नेरूळमध्ये कुठल्याही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. शिवाय उपासाच्या चिवड्यात सहसा हिंग नसतो. हिंगाचं महत्त्व पुढे सांगते. फक्त गोड पदार्थात तूप, खवा, दूध पावडर आहे का ते मागे वाचायचं. राजगिऱ्याचे लाडू बहुतेक नुसत्या गुळाचे असतात, चिक्कीत मात्र कुणी तूप घालतं कुणी नाही. हाताने करणारे पाक लाटण्याआधी ओट्याला आणि लाटण्याला तुपाचा हात लावतात आणि ते पुड्यावर लिहीत नाहीत. म्हणून सुटी चिक्की आम्ही घेत नाही, छापील घटकयादी असलेलीच घेतो.

आता हिंग. निदान होऊन सात-आठ महिने झाले होते. घरात गहू शिरू देत नव्हते, वेगळा तवा, वेगळं पोळपाट-लाटणं, सगळं. तरी रक्तातला टीटीजीचा आकडा (पोटात ग्लुटेन जात राहिलं की हा चढा राहतो) हवा तसा खाली येईना. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारलं, हिंग कुठला? घरी आल्यावर डबी उलटी केली. घटक: डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. खरा हिंग इतका उग्र आणि महाग असतो की तो पिठात आणि डिंकात मिसळूनच विकला जातो, आणि ते पीठ बहुतेक वेळा मैदा असतो. रोजच्या वरणात, भाजीत, कोशिंबिरीच्या फोडणीत मी स्वतःच्या हाताने गहू घालत होते. हे मी सगळ्यांना सांगते, कारण इथे भले भले फसतात.

म्हणजे फरसाणाचं गणित बदललं. पोह्यांचा चिवडा तांदळाचा, शेव बेसनाची, चकली भाजणीची. ऐकायला सगळं चालण्यासारखं, पण तिन्हींत हिंग असू शकतो, आणि घटकयादीत नुसतं ‘हिंग’ लिहिलेलं असतं, त्याच्या आत काय ते नसतं. तीच गत पाचक गोळ्यांची आणि हिंग घातलेल्या आवळा सुपारीची. पुड्यावर ‘ग्लुटेन फ्री’ असा स्पष्ट दावा असेल तरच असलं फरसाण घ्या. त्या दाव्याला अर्थ आहे: आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर तसं लिहिता येत नाही. आणि घरच्या फोडणीसाठी तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तेवढी एक डबी भाचा येण्याआधी आणून ठेवा.

फरसाणाच्या दुकानातलं सुटं काहीही नको, मग ते केळ्याचे वेफर्स का असेनात. ज्या कढईत शंकरपाळे आणि खारी पुरी तळतात त्याच तेलात वेफर्स पडतात, आणि काचेच्या बरण्यांतून एकच डाव फिरतो. दुकानदाराला विचारलं तर तो मनापासून सांगतो, “ताई, यात गहू नाही.” तो खोटं बोलत नसतो, त्याला डाव दिसत नसतो. गिरणीचंही तेच. ज्वारी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही, पण गिरणीत तुमच्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतोच.

मे महिना म्हणालात, म्हणजे तुमचं नशीब जोरावर आहे. कोकणच्या मेव्याच्या दुकानात जा. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या पट्ट्यात अशी दुकानं आहेत, ट्रान्सहार्बरने नेरूळहून ठाण्याला सरळ गाडी आहे, वाशीतही शोधलं तर सापडतील. माझ्या मुलीच्या लेखी खरा खाऊ म्हणजे तोच. आंबापोळी म्हणजे आटवलेला, वाळवलेला रस आणि साखर. फणसपोळी बरक्या फणसाची, चिवट आणि वासाची. काही मुलं नाक मुरडतात, पण ज्याला आवडली तो पुडा संपवूनच उठतो. तळलेले गरे हा तर बटाट्याच्या वेफर्सचा मोठा भाऊ. कोकम सरबत, आवळा कँडी, काजू. मालवणी खाजं माहीत असेलच, बेसनाच्या कांड्यांवर आलं घातलेल्या गुळाचा थर. जत्रेतलं सुटं नको, पण पुड्यात मिळालं आणि मागे बेसन, गूळ, आलं, तेल एवढंच दिसलं तर जरूर घ्या. मैद्याची भेसळ करणारेही आहेत, म्हणून वाचा.

इथे नावांची एक गंमत आहे. ‘आंबा मावा’ ऐकून मी पहिल्यांदा बरणी खाली ठेवली होती. मागे वाचलं तर आंब्याचा रस आणि साखर, खव्याचा पत्ता नाही. आणि ‘आंबा वडी’ साधी वाटते, तिच्यात दूध पावडर निघते. नावावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी फसाल. सोनपापडी बेसनाची असते असं आपण समजतो, तिच्यात मैदाही असतो आणि पुष्कळदा तूपही. ‘नाचणी बिस्किट’ म्हणून पुढे नाचणीचं कणीस छापलेलं असतं, मागे पहिला घटक गव्हाचं पीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली दोन-तीन नावं बघितली तरी निम्मा निकाल लागतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण त्यात चवीला बार्लीचं माल्ट घातलेलं असतं, आणि बार्लीतही ग्लुटेन आहे. तोच माल्ट दुधात घालायच्या पावडरींत आणि कुरकुरीत दाणे असलेल्या चॉकलेटांत.

दुधाची नावं तर बहुरूप्यासारखी: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज. वेफर्सवर क्रीम, चीज असलं काही लिहिलेलं असेल तर दूध आलंच, पण काही मसाला वेफर्समध्येही ते सापडतं. साधे खारे वेफर्स, ज्यात बटाटा, तेल, मीठ एवढंच असतं, ते सगळ्यात निर्धास्त. हिरव्या ठिपक्याचा इथे उपयोग नाही, तो शाकाहारासाठी आहे आणि शाकाहारात दूध चालतं. वेगन पदार्थांसाठी २०२२पासून वेगळं हिरवं व्ही अक्षराचं चिन्ह आलंय, ते दिसलं तर घटकांत दूध नाही एवढं कळतं. गव्हाबद्दल ते चिन्ह काहीच सांगत नाही. दोन्हींसाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे घटकयादीच्या खालची ओळ, ‘यात आहे: गहू, दूध, सोया’ अशी. चष्मा घेऊन जा, अक्षरं मुंगीएवढी असतात.

चॉकलेटचा हट्ट होणार. डार्क चॉकलेट मिळतं, पण डार्क म्हणजे बिनदुधाचं असं नाही, वाचावंच लागतं. आम्ही एक ठरवून टाकलंय आणि तेच आणतो, दर वेळी नवा शोध नको. तरी पुडा मात्र दर वेळी वाचतो, कारण कंपन्या न सांगता घटक बदलतात.

आणि मे महिन्यात आइस्क्रीम. इथे मोठा गोंधळ ‘फ्रोझन डेझर्ट’ या शब्दाचा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी त्यात वनस्पती तेल असतं, म्हणून लोकांना वाटतं ते बिनदुधाचं. दूध पावडर त्यातही असते. नारळाच्या दुधातलं आइस्क्रीम मोठ्या दुकानांत मिळतं, चांगलं असतं, महाग असतं. कोन मात्र गव्हाचा, कपच घ्या. आम्ही सरळ हापूसचा रस साच्यात गोठवतो, त्यात काही घालत नाही. वाशीच्या फळबाजारात मेमध्ये भाव उतरले की एक पेटी आणायची, थोड्या पिकलेल्या आंब्यांचा रस याच कामाला. तयार हवं असेल तर पाण्यातली बर्फाची कांडी चालते, घटक वाचून.

पेढेवाल्याच्या दुकानात जाऊच नका, असं म्हटलं तर चालेल. कोहळ्याचा पेठा एकवेळ चालतो, फक्त हलवाई साखरेचा पाक स्वच्छ करायला, मळी वर काढायला, त्यात थोडं दूध घालतात. अ‍ॅलर्जी असेल तर हे लक्षात ठेवा, कारण कुठल्याच पुड्यावर ते छापलेलं नसतं.

तुमच्या घरी एक डबा त्याचा वेगळा करा, झाकणावर त्याचं नाव लिहून. तुमची मुलं असतील तर त्यांनाही सांगा की बिस्किटाचा हात त्यात घालायचा नाही. आमच्या घरी या डब्याची बाकीच्या भावंडांना इतकी असूया वाटायची की शेवटी सगळ्यांनाच राजगिऱ्याचे लाडू आणायला लागलो, तेव्हा भांडण मिटलं.

आंबापोळी घेताना रंग बघा. नवी पोळी केशरी-पिवळी असते, मागच्या वर्षीची काळपट. नवी मेच्या मध्यानंतर दुकानात यायला लागते, म्हणजे भाचा परत जायच्या आत नक्की मिळेल. त्याच्या बॅगेत दोन-तीन घालून द्या, प्रवासात फ्रीज लागत नाही.