‘शील्ड’ रेंगाळतेय? थोडा दम धर

अरे, चौथ्या भागालाच वैतागलास? मार्व्हलच्या ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या गुप्तहेर-मालिकेचा पहिला सीझन 22 भागांचा आहे. मालिका सप्टेंबर 2013मध्ये सुरू झाली, पण खरा धक्का एप्रिल 2014मधल्या, त्याच कथाविश्वातल्या ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ या चित्रपटाआधी फोडता येत नव्हता. तोवर लेखक ताकात पाणी घालत बसले! सोळा भाग झाले की आधी तो चित्रपट बघ, मगच सतरावा लाव. उलट केलंस तर मजा गेलीच.

ठाण्याहून सीएसएमटीच्या स्लो लोकलला एक भाग आरामात होतो, डाउनलोड करून ठेव. (बसायला मिळालं तर!) दीडपट वेगाने मात्र पळवू नकोस, फिट्झ-सिमन्स या शास्त्रज्ञ जोडीची जुगलबंदी हातची जाईल. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटात मेलेला एजंट कोल्सन इथे जिवंत कसा, तेवढ्यावर लक्ष ठेव.