संशोधनासाठी रक्त दिलेल्या लोकांना त्यांचे निकाल सांगावेत का?

तुमच्या पीएचडीसाठी गावकऱ्यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आहे आणि तुम्ही विचारताय की प्रत्येकाला त्याचा निकाल द्यावा, की गावात एकत्रित निष्कर्ष सांगितले तरी पुरे. प्रत्येकाला द्या. ज्याचं रक्त, त्याचा निकाल. यावरून माझं एका सरांशी 2011 पासून वाजलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

किनवट तालुक्यात सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) एका अभ्यासात मी रक्त गोळा करायला होतो. बोटाच्या थेंबावर सोल्युबिलिटी नावाची झटपट चाचणी, नळी गढूळ झाली की शिरेतून दोन मिली, बर्फाचा डबा आणि मोटारसायकल. इलेक्ट्रोफोरेसिसचे, म्हणजे पक्क्या तपासणीचे, निकाल आले तेव्हा सर म्हणाले, "हे पेपरपुरतं आहे. लोक उगाच घाबरतात." मी महिनाभर पिच्छा पुरवला. शेवटी वैतागून म्हणाले, "जा, वाट चिठ्ठ्या. तुझ्या जबाबदारीवर."

एका घरी सून अंगणात ज्वारी पाखडत होती, शेजारी सासू. मी उभ्या उभ्या चिठ्ठी दिली आणि वाचूनही दाखवली: एएस, वाहक, म्हणजे आजाराचा जनुक एकाच पालकाकडून आलेला. सासूनं विचारलं, "म्हंजे सुनंच्या रक्तातच खोट हाय का?" मी म्हणालो, आजार नाही, नुसती वाहक. पण सुनेचे हात सुपावर थांबले ते थांबलेच. नवऱ्याची चिठ्ठी माझ्या पिशवीतच होती. तीही एएस. तो आदिलाबादकडे कापूस वेचायला गेलेला, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही हा नियम मला नेमका तेव्हा आठवला. सुनेच्या वेळी आठवला नव्हता. आठ दिवसांत तिला माहेरी धाडलं.

नवरा परतल्याचं कळलं तसा गेलो. त्याला बांधावर एकट्याला बसवून सांगितलं: तुम्हीही वाहक आहात. दोघं वाहक असले की दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के, पहिलं कसंही निघो. तो चिठ्ठीची घडी घालत राहिला, उघडत राहिला. मग म्हणाला, "मायजवळ मी बोलतो." दुसऱ्या दिवशी तो बायकोला आणायला गेला.

सर आजही हाच प्रसंग पुढे करतात: "म्हणूनच सांगायचं नसतं." नाही सर. चुकलं ते सांगणं नव्हे, माझी सांगायची रीत. गप्प बसलो असतो तर त्या दोघांना हे कळलं असतं ते कदाचित बाळाचे हातपाय सुजून ते रात्रभर रडायला लागल्यावर. आधी माहीत असलं तर गर्भातच तपासणी करता येते, जन्मताच निदान होतं, पेनिसिलिन आणि लसी वेळेवर मिळतात.

2023 मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोक तपासायचं ठरलं. एवढे निकाल वाटायला समुपदेशक लागतात, त्यांचे पैसे तुम्हीही प्रस्तावातच मागा. संशोधनाच्या प्रयोगशाळेतला निकाल देण्याआधी नव्या नमुन्यावर पडताळा, नळ्यांची अदलाबदल होते.

एक मात्र आहे. हंटिंग्टनसारखा, उशिरा येणारा आणि थांबवता न येणारा आजार असेल, तर ऐकायचं नाही म्हणणाऱ्याला सांगू नका. ज्या जनुकबदलाचा अर्थ तज्ज्ञांनाच लागलेला नाही, तो तर कुणाच्या हाती देऊच नका. आणि निकाल हवा का, कुणासमोर हवा, हे रक्त घेतानाच संमतीपत्रात लिहून घ्या. जोडप्याची तयारी असेल तर दोघांना एकाच दिवशी बसवा, दार लावून.